राखेचं पूट

सिन्नरच्या एमआयडीसीत एक एफबीसी बॉयलर आहे, म्हणजे तापलेल्या वाळूच्या थरात, ‘बेड’मध्ये, इंधन जाळणारा. पूर्वी कोळशावर चालायचा, आता ब्रिकेट आणि शेतातल्या भुश्शावर चालतो. बेड ड्रेन करून काढलेली वाळू गार झाल्यावर अटेंडंटने मूठभर माझ्या हातावर ठेवली. नवी वाळू पांढुरकी, टोकदार असते. ही तपकिरी होती, कडा बोथटलेल्या. भिंगातून पाहिलं तर दाण्यावर चकचकीत कवच आणि अधूनमधून काचेचा टाका घातल्यासारखे जोडलेले दोन-दोन दाणे.

“हे वाढलं की क्लिंकर धरलाच समजा, साहेब,” तो म्हणाला. क्लिंकर म्हणजे दाणे चिकटून झालेला दगड. त्याआधी बेडमधल्या थर्मोकपलचे आकडे फुटतात, एक कोपरा तापतो, दुसरा गार पडतो. मग शटडाऊन, पहार आणि शिव्या.

खरं तर वाळूचा यात दोष नाही. निव्वळ सिलिका वितळायला सतराशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. पण द्राक्षबागेला घातलेलं पोटॅश वेलीच्या काडीतही उतरतं. काडी जळताना त्यातलं पोटॅशियम सुटून दाण्यावर बसतं, सिलिकेशी संयोग पावतं आणि हे पोटॅशियम सिलिकेट साडेसातशे-आठशे अंशांतच पाघळू लागतं. त्या चिकट पुटात राखेतलं कॅल्शियम मिसळलं की द्रवणांक वाढतो, पूट सुकतं. म्हणून दाणे चिकटणार की नुसतेच जाड होणार, हे पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या प्रमाणावर ठरतं.

गॅसिफायरमध्ये या पुटाची किंमतच बदलते. ऑस्ट्रियात ग्यूसिंगच्या 8 मेगावॉटच्या प्रकल्पात लाकडाचे तुकडे वाफेच्या साहाय्याने गॅसमध्ये बदलत. बेडला वाळूऐवजी ऑलिव्हिन हे खनिज. त्यातली सिलिका मॅग्नेशियम-लोहाशी आधीच बांधलेली, त्यामुळे काच व्हायला वाव कमी. कॅल्शियम मात्र दाण्यात शिरून मॅग्नेशियमची जागा घेतं, आणि असा थर चढलेल्या दाण्यांवर गॅसमधला टार चांगला फुटतो. तिथे कोऱ्यापेक्षा मुरलेल्या दाण्यांना मान.

नाशिकात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बांधावर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग लागतात. यांचा गॅस करू म्हणणारे आधी उष्मांक विचारतात. माझ्या मते आधी राखेचं पृथक्करण करून घ्यावं, तेही मातीसकट. कारण काडीबरोबर येणारी धूळ म्हणजे पोटॅशियमला आयती सिलिका. अटेंडंटला प्रयोगशाळेची गरज नाही. ट्रॉलीतून धूळ उडाली की तो बेड ड्रेनची वेळ अलीकडे ओढतो.