बांधकामें कां लांबतात आणि कां महागतात

"घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून" ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्यानें या दोन्ही गोष्टी पदरच्या पैशानें केल्या असल्या पाहिजेत. त्यांतल्या त्यांत लग्न तरी ठरल्या मुहूर्तावर लागतें. घराचें तसें नाहीं. दिवाळींत वास्तुशांत करावयाची म्हणून पाया खणलेला असतो, आणि होळी येऊन जाते तरी भिंतींवर छप्पर चढलेलें नसतें. गवंडी म्हणतो, सुतारानें चौकटी दिल्या नाहींत. सुतार म्हणतो, लाकूड आलें नाहीं. लाकूडवाला म्हणतो, मागचे पैसे पोंचले नाहींत. आणि घरमालक म्हणतो, ठरल्याच्या दीडपट गेले, आतां आणखी आणूं कोठून? चौघांचेंहि म्हणणें खरें असतें, आणि म्हणूनच तें भांडण मिटत नाहीं.

घराची जी कथा तीच पूल, धरणें, रस्ते आणि लोहमार्ग यांची. फरक इतकाच कीं, तेथें पैसा एकट्या घरमालकाचा नसून सर्व रयतेचा असतो. या दुखण्याचीं कारणें शोधावयाचीं तर चालू कामाकडे पाहून फारसा उलगडा होत नाहीं. कारण तेथें जो तो आपली बाजू सांभाळीत असतो. पुरतें तडीस गेलेलें, ज्याचे सर्व वादी-प्रतिवादी काळाच्या पडद्याआड गेले आहेत, असें एखादें जुनें काम घ्यावें हें बरें. महाराष्ट्रांत असें काम म्हणजे बोरघाटांतील लोहमार्गाचें.

मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी १८५३ च्या एप्रिलांत धांवली. ती पुढें पुण्यास न्यावयाची तर सह्याद्रि चढणें प्राप्त होतें. घाटाचें काम १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें व २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. लांबी सुमारें १६ मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे २५, मोठे कमानी पूल ८, आणि सर्वांत अवघड जागीं ३७ फुटांस १ फूट असा उभार चढ. मध्यंतरीं डोंगर इतका सरळ उभा राहिला कीं, गाडीचें तोंड फिरवून तिला उलट दिशेनें वर चढविण्याकरितां एक खास स्थानक करावें लागलें. खर्च सुमारें ११ लक्ष पौंड झाला.

मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले हा उतावळा मनुष्य नव्हता. कुदळ मारण्यापूर्वीं त्यानें कित्येक वर्षें घाटाची पाहणी केली, रेषा आंखली, पुसली, पुन्हा आंखली. तेव्हां "पाहणी नीट झाली नाहीं म्हणून काम बिघडलें" हें जें कारण आज सर्रास सांगण्यांत येतें, तें येथें लागू पडत नाहीं. पाहणी उत्तम होऊनहि काम विस्कटलें. आणि म्हणूनच हें उदाहरण विचार करण्याजोगें आहे.

निसर्गाच्या अडचणी होत्याच. काळा पाषाण इतका कठीण कीं, घण-छिन्नीनें भोंक पाडून त्यांत सुरुंगाची दारू ठासावयाची, हें एकेक हाताचें काम. कांहीं बोगद्यांच्या तोंडापाशीं उभें राहावयासहि जागा नव्हती. माणसांना दोराला बांधून कड्यावरून खालीं सोडावें लागे. परंतु खरी मेख पावसाळ्याची. घाटांत जूनपासून दसऱ्यापर्यंत काम जवळजवळ बंदच. आतां पाऊस दर वर्षीं येतो. त्याला अनपेक्षित संकट म्हणणें शोभत नाहीं, आणि बर्कलेनें तो हिशेबांत धरला नव्हता असेंहि नाहीं. मुद्दा निराळा आहे. जेथें हंगाम आठच महिन्यांचा, तेथें वैशाखांत संपावयाचें काम पंधरा दिवस मागें पडलें, तर तें पंधरा दिवस लांबत नाहीं. तें थेट कार्तिकापर्यंत लांबतें. चार महिने अवजारें गंजतात, पगारी माणसें बसून खातात, भांडवलावरचें व्याज मात्र पावसांतहि थांबत नाहीं. लहान विलंबाचा मोठा विलंब असा होतो. ज्या घरमालकाचें छप्पर मृगापूर्वीं पडलें नाहीं, त्याला हें गणित निराळें शिकवावयास नको.

यापुढचें कारण मनुष्याचें आहे, आणि बोरघाटांत तेंच सर्वांत महाग पडलें. कामाचा मक्ता फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होता. मुंबई-ठाणें मार्ग बांधण्यांतहि त्याचा हात असल्यानें तो नवशिका म्हणतां येत नाहीं. परंतु हजारों मजुरांना एकटा मक्तेदार ओळखणार कसा? मोठा मक्तेदार कामाचे तुकडे करून पोटमक्तेदारांना देतो. पोटमक्तेदार मुकादमांना हाताशीं धरतो. मुकादम खेड्यांपाड्यांतून उचल देऊन टोळ्या आणतो. पैसा वरून येतो. इंजिनियरानें मोजमाप करावें, दाखला द्यावा, मग कंपनीनें मक्तेदाराला रक्कम द्यावी, त्यानें पोटमक्तेदाराला, त्यानें मुकादमाला. आणि सर्वांचे हात ओले झाल्यावर उरेल तो पैसा पहार मारणाऱ्याच्या तळहातावर पडावा. या साखळीची एक कडी अडकली कीं खालचा मनुष्य उपाशी राहतो. वरच्यांना एक महिना थांबतां येतें. डोंगरांत पालाखालीं राहून वाण्याच्या उधारीवर जगणाऱ्या कुटुंबाला आठ दिवसहि थांबतां येत नाहीं.

१८५९ च्या जानेवारींत तें भांडें फुटलें. ठरल्यापेक्षां मजुरी कमी मिळते व तीहि वेळेवर मिळत नाहीं, म्हणून मजूर खवळले. दंगल झाली, एक युरोपियन प्राणास मुकला व कित्येक जखमी झाले. सत्तावनच्या आठवणी ताज्या होत्या. सरकारनें चौकशी केली, तेव्हां मजुरांच्या तक्रारींत तथ्य असल्याचें दिसून आलें. त्याच वर्षीं मार्चांत फॅव्हिएलनें मक्ता सोडला. कांहीं महिने कंपनीनें आपल्या इंजिनियरांकरवीं काम चालविलें. मग सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा नवा मक्तेदार विलायतेहून आला, आणि येऊन महिना होतो न होतो तोंच सप्टेंबरअखेर वारला. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें तें कंत्राट सोडलें नाहीं. ज्यांनीं कंपनीतर्फें घाटांत काम पाहिलें होतें अशा ॲडॅमसन व क्लाऊझर या दोन इंजिनियरांना तिनें व्यवस्थेवर नेमलें आणि काम शेवटास नेलें. १८६१ सालीं घाटावर ४२ हजारांच्या वर माणसें एकाच वेळीं राबत होतीं. पटकी व ताप यांनीं त्या सात वर्षांत हजारोंचे बळी घेतले, आणि सांथ आली कीं उरलेल्या टोळ्या रातोरात घर गांठीत. काम खोळंबल्याच्या नोंदी झाल्या. मेलेल्यांचीं नांवें मात्र कोठें कोरलेलीं नाहींत.

या दंग्याचा एक परिणाम कायद्याच्या पुस्तकांत शिरला. लोहमार्ग, कालवे वगैरे कामांवरील मजूर व मालक यांच्यांतील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटानें झटपट तोडावे, असा कायदा १८६० सालीं झाला. मजुरी न देणें हें ज्यांत आलें, तसें काम सोडून जाणें हेंहि त्यांत आलें. आणि काम सोडणाऱ्यास कैदेची शिक्षा होती. तराजूचीं पारडीं सारखीं नव्हतीं, हें निराळें सांगावयास नको.

आतां खर्चाकडे वळावें. हिंदुस्थानांतील आरंभीचे लोहमार्ग खासगी इंग्रज कंपन्यांनीं बांधले खरे, पण त्यांच्या भांडवलावर शेंकडा ५ टक्के व्याजाची हमी सरकारनें दिली होती. उत्पन्न कमी पडलें तर तूट सरकारी तिजोरींतून, म्हणजे येथील शेतकऱ्याच्या साऱ्यांतून, भरून निघावयाची. ज्याला काटकसर केली तरी पांच टक्के व उधळपट्टी केली तरी पांच टक्के, तो काटकसर कशाला करील? लॉर्ड डलहौसीच्या काळीं एका मैलास सुमारें ८ हजार पौंड खर्च धरला होता. प्रत्यक्षांत तो १८ हजारांच्या आसपास गेला. पुढें विलायतेंतील एका चौकशी समितीपुढें हिंदुस्थानचे माजी अर्थमंत्री मॅसी यांनीं साफ सांगितलें कीं, भांडवलदाराला हमीचें व्याज मिळत असल्यावर त्याचा पैसा हुगळी नदींत टाकला काय किंवा विटाचुन्यांत घातला काय, त्याला सारखेंच. हमी देणारा एक, खर्च करणारा दुसरा आणि भरणारा तिसरा, अशी तिहेरी फारकत जेथें असते तेथें अंदाजपत्रकाला कोणी वाली राहत नाहीं.

याच्या उलट टोंकाला जाऊन, स्वस्त आणि लवकर हेंच ध्येय धरलें, तर काय होतें हेंहि याच घाटानें दाखविलें. महु-की-माळी येथील उंच कमानी पूल १९ जुलै १८६७ रोजीं ढांसळला. मार्ग खुला होऊन पुरीं पांच वर्षेंहि झालीं नव्हतीं. बाहेरून घडीव दगडांचा चेहरा आणि आंत कच्च्या चुन्यांत टाकलेली भर, असें त्या बांधणीचें स्वरूप होतें. त्यानंतर या लोहमार्गावरील इतर पुलांची तपासणी झाली, आणि त्यांतील कित्येक दुरुस्त करावे किंवा नव्यानें बांधावे लागले. घाईनें वांचविलेला पैसा दुसऱ्या खातेवहींत दामदुपटीनें लिहिला जातो. पहिल्या वहींत काम वेळेवर झाल्याची नोंद असल्यामुळें कोणाच्या लक्षांत येत नाहीं इतकेंच.

अंदाज चुकतो तो नेहमीं अज्ञानामुळेंच असें समजूं नये. अंदाज बांधणाऱ्याला पुष्कळदां काम मंजूर व्हावें अशी इच्छा असते. आंकडा मोठा दाखविला तर मंजुरी मिळणार नाहीं. लहान दाखवून एकदां पाया खणला कीं अर्धवट काम टाकून देण्यास कोणी धजत नाहीं. मुंबईची बॅकबे भरणी हें याचें ठळक उदाहरण. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत जागांचे भाव भडकले होते. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत, १९२० च्या सुमारास, समुद्र हटवून अकराशें एकरांवर जमीन काढण्याचें काम मोठ्या उत्साहानें हातीं घेतलें. जमीन त्याच चढ्या भावानें विकली जाईल असें गृहीत धरलें होतें. समुद्राच्या भिंतीच्या फटींतून भरणीचा चिखल वाहून जाऊं लागला, गाळ उपसणारें यंत्र अपेक्षेइतका गाळ काढीना, आणि एवढ्यांत जागांचे भाव कोसळले. खुर्शेद नरीमन यांनीं हें प्रकरण चव्हाट्यावर आणलें. खात्याच्या एका अधिकाऱ्यानें त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला भरला, त्यांतून ते निर्दोष सुटले. १९२६ सालीं चौकशी समिति बसली. सर विश्वेश्वरय्या हे तिचे एक सभासद होते. अखेर आंखलेल्या आठ भागांपैकीं मधले चार भाग तूर्त सोडून द्यावे लागले. ज्या मरीन ड्राइव्हवर आज लोक वारा खाण्यास जातात, तो त्या उरल्यासुरल्या भरणीवर उभा आहे.

मक्ता देण्याच्या पद्धतींतहि तंट्याचें बीज असतें. ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम, हा नियम वरून निर्दोष दिसतो. पण सर्वांत कमी दर भरणारा कधीं हिशेबांत चुकलेला असतो, तर कधीं फार हुशार असतो. पहिला अर्ध्यांत बुडतो व काम टाकून जातो. दुसरा करारनामा बारकाईनें वाचून ठेवतो, आणि नकाशांत एक भिंत सरकली कीं "हें जादा काम" म्हणून जादा रक्कम मागतो. मालकहि कांहीं कमी नसतो. पाया भरल्यावर त्याला आणखी एक खोली सुचते. तोंडी हुकूम दिला जातो, लेखी कागद कोणी करीत नाहीं, आणि दोन वर्षांनीं लवादापुढें दोघेहि शपथेवर निरनिराळ्या गोष्टी सांगतात. मोजमापाची वही रोजच्या रोज लिहून तिच्यावर दोन्ही पक्षांची सही होत असती, तर यांतले निम्मे तंटे जन्मासच आले नसते. काम कंटाळवाणें असल्यानें तें उद्यांवर टाकलें जातें.

राहतां राहिला जमिनीचा प्रश्न. बोरघाटांत डोंगर होता, वस्ती विरळ होती. धरणाचें तसें नसतें. भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेवर गोसीखुर्द येथें जें धरण आहे, त्याचा मूळ अंदाज १९८३ सालीं ३७२ कोटि रुपयांचा होता. पायाभरणी १९८८ सालीं झाली. पुढें सुधारलेला अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला. यांत महागाईचा वांटा मोठा आहे, कामाची व्याप्ति वाढल्याचाहि आहे. परंतु काम लांबलें म्हणून महागाई अंगावर आली, कीं पैसा अपुरा पडला म्हणून काम लांबलें, हें सांगतां येणें कठीण. एकानें दुसऱ्याला ओढलें. भिंत आधीं उभी राहते, गांवें हलविण्याची व्यवस्था मागून होते; नव्या गांवठाणांत पाणी नाहीं, रस्ता नाहीं, म्हणून माणसें जुनें घर सोडीत नाहींत; आणि माणसें हललीं नाहींत म्हणून बांधलेल्या भिंतीमागें पुरतें पाणी सांठवितां येत नाहीं. भिंतीचा खर्च होऊन चुकलेला असतो, कालव्याखालचा शेतकरी आकाशाकडे पाहत असतो, आणि ज्याची जमीन बुडावयाची तो मोबदल्याच्या कागदासाठीं कचेरीच्या पायऱ्या झिजवीत असतो. अंदाजपत्रकाच्या रकान्यांत यांतील पहिली रक्कम तेवढी दिसते.