प्रोस्टेट कर्करोगाची शस्त्रक्रिया : नळी असताना आणि नळी निघाल्यावर

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे डॉक्टरांनी सांगितले की कुटुंबीयांचा जीव भांड्यात पडतो. चार-पाच दिवसांत रुग्ण घरी येतो. मात्र त्याच्यासोबत एक नळी आणि लघवीची पिशवीही घरी येते. कर्करोगाविषयी धीराने बोलणारा माणूस या पिशवीविषयी मात्र बोलत नाही. पाहुणे आले की तो आतल्या खोलीत जातो, ओले झालेले कपडे लपवतो आणि ताप आला तरी सांगायला संकोचतो. हा संकोच कधीकधी आजाराहूनही घातक ठरतो. म्हणूनच या विषयाची माहिती रुग्णाला आणि त्याची सेवा करणाऱ्या घरच्या माणसांना असणे आवश्यक आहे.

नळी कशासाठी?

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाच्या अगदी खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. कर्करोग त्या ग्रंथीपुरताच मर्यादित असेल तर अनेकदा संपूर्ण ग्रंथी काढून टाकतात. त्यामुळे मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांच्यात पडलेली फट शल्यविशारद टाके घालून सांधतात. हा सांधा भरून येईपर्यंत लघवी त्यावरून न जाता थेट बाहेर यावी, यासाठी नळी ठेवलेली असते. तिच्या आतल्या टोकाशी पाण्याने फुगवलेला लहानसा फुगा असतो, म्हणून ती निसटत नाही. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३० च्या दशकात ती विकसित केली. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

सर्वसाधारणपणे ही नळी एक ते दोन आठवडे ठेवतात. वयोमानाने वाढलेली, कर्करोग नसलेली प्रोस्टेट दुर्बिणीतून खरवडून काढतात, ती शस्त्रक्रिया वेगळी. तिच्यात नळी बहुधा काही दिवसांतच निघते. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवाशी आपली तुलना करू नये.

घरी घ्यावयाची काळजी

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी. चालताना ती हाताने वर उचलून धरू नये, कारण त्यामुळे साचलेली लघवी उलट आत जाते. मात्र ती जमिनीलाही टेकू देऊ नये. नळी मांडीला पट्टीने सैलसर बांधावी, म्हणजे तिला ओढ बसत नाही. पिशवी अर्धी ते पाऊण भरली की रिकामी करावी आणि त्याआधी व त्यानंतर हात साबणाने धुवावेत. नळी जिथून शरीरात शिरते ती जागा दिवसातून दोनदा साबण-पाण्याने स्वच्छ करावी; पावडर लावू नये. त्वचा मागे सारून स्वच्छता केल्यास ती पुन्हा पूर्ववत पुढे आणावी. मागेच राहिली तर तिथे सूज येऊन ती अडकून बसते.

डॉक्टरांनी हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे मर्यादा घातली नसेल, तर दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी प्यावे. लघवी अधूनमधून गुलाबी दिसणे, विशेषतः चालल्यावर किंवा शौचास जोर केल्यावर, सहसा चिंतेचे नसते. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून भाज्या, फळे व पातळ आहार घ्यावा. मात्र या काळात एनिमा घेऊ नये, कारण शस्त्रक्रियेची जागा गुदाशयाला अगदी लागून असते. घरातल्या घरात रोज चालावे. त्यामुळे पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

पेटके, अडथळा आणि जंतुसंसर्ग

नळीचा फुगा मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला टोचत राहतो. त्यामुळे मूत्राशय अचानक आकुंचन पावते, ओटीपोटात कळ येते, लघवीची तीव्र भावना होते आणि नळीच्या बाजूने थोडी लघवी झिरपते. नळी निकामी झाली असे वाटून रुग्ण घाबरतो. अशा वेळी प्रथम नळी कुठे दुमडली किंवा अंगाखाली दबली नाही ना, आणि पिशवीत लघवी उतरते आहे ना, हे पाहावे. लघवी उतरत असेल तर हे बहुधा पेटकेच असतात. त्यावर औषधे मिळतात; मात्र काचबिंदूचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

पुढील लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा : दोन-तीन तास पिशवीत काहीच न उतरणे व ओटीपोट फुगून दुखणे, १०१ अंशांहून अधिक ताप किंवा थंडी वाजून हुडहुडी भरणे, लघवी गडद लाल होणे किंवा रक्ताच्या मोठ्या गुठळ्या पडणे, एकाच पोटरीला सूज व वेदना, छातीत दुखणे किंवा धाप लागणे.

नळी चुकून निघून आली तर ती जवळच्या दवाखान्यात पुन्हा घालून घेऊ नये. अंदाजाने घातलेली नळी नवा सांधा फाडू शकते. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याशीच तातडीने बोलावे. त्याचप्रमाणे, ताप किंवा अन्य लक्षण नसताना केवळ तपासणीत जंतू आढळले म्हणून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेऊ नयेत. नळी असताना लघवीत जंतू येणे सामान्य असते आणि अनावश्यक औषधांनी ते जंतू अधिक चिवट होतात.

नळी निघाल्यानंतरची गळती

नळी निघाली म्हणजे सारे संपले, अशी अपेक्षा असते. आणि त्याच दिवशी अंतर्वस्त्र ओले होते. याचे कारण समजून घेतले तर निराशा कमी होईल. लघवी रोखणारे स्नायूंचे दोन पहारेकरी असतात. त्यांपैकी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या वरच्या पहारेकऱ्याची शक्ती ग्रंथी काढताना बऱ्याच अंशी जाते. उरतो तो खालचा पहारेकरी. आजवर त्याला एकट्याने काम करण्याची सवय नसते. ती आता लावावी लागते.

त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम सांगतात. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो स्त्रियांसाठी मांडला होता. पुरुषांनाही तो उपयुक्त ठरतो. वायू रोखण्यासाठी जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे. पाच सेकंद धरायचे, पाच सेकंद सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये, पोट किंवा मांड्या आवळू नयेत. नळी आत असताना मात्र हा व्यायाम करू नये. खोकण्यापूर्वी, शिंकण्यापूर्वी किंवा खुर्चीतून उठण्यापूर्वी हे स्नायू आवळण्याची सवय लावावी.

सुधारणा टप्प्याटप्प्याने होते. प्रथम रात्री अंथरूण कोरडे राहू लागते, मग चालताना, आणि सर्वांत शेवटी उठता-बसता. संध्याकाळी स्नायू थकल्याने गळती वाढते, त्याने खचू नये. बहुतेकांना तीन ते बारा महिन्यांत समाधानकारक ताबा परत मिळतो. गळतीच्या भीतीने पाणी कमी करू नये. दाट लघवी मूत्राशयाला अधिक चिडवते. चहा, कॉफी व मद्य मात्र कमी करावे.

वर्षभरानंतरही त्रास राहिला तर आधार देणारी पट्टी बसवणे किंवा कृत्रिम झडप बसवणे, असे उपाय उपलब्ध आहेत. अशी झडप १९७० च्या दशकापासून वापरात आहे. याउलट लघवीची धार दिवसेंदिवस बारीक होत असेल, थेंबथेंब येत असेल, तर सांध्याच्या जागी व्रण आकसला असण्याची शक्यता असते. त्यावर उपचार आहे. पण लघवी पूर्ण अडेपर्यंत थांबू नये.

आपण काय करू शकतो?

अनेक पुरुष या काळात रविवारच्या मिस्सालाही येणे सोडतात. कुणाला कळेल, वास येईल, मध्येच उठावे लागेल, ही भीती त्यामागे असते. त्यांनी शोषक पॅड वापरावे, एक जादा पॅड व कपडा सोबत ठेवावा आणि दाराजवळच्या बाकाच्या कडेला बसावे. गुडघे टेकणे जड जात असेल तर बसूनच प्रार्थना करावी. मंदिरात शौचालय कुठे आहे, हे दिसेल अशी पाटी लावणे ही धर्मग्रामाने करावयाची साधी सेवा आहे. भेटीला जाणाऱ्यांनी पिशवीकडे पाहून हळहळण्याऐवजी, औषधे आणून देणे किंवा तपासणीला सोबत जाणे, असे काही हातभाराचे काम विचारावे.

पत्नीने वा मुलाने नळीची काळजी घेणे यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लहानपणी ज्यांची दुपटी आपण बदलली, त्यांच्या हातून सेवा घेणे हाही कुटुंबजीवनाचाच भाग आहे. रुग्णाने आपला त्रास वेळेवर सांगावा आणि घरच्यांनी तो न हसता, न कंटाळता ऐकावा. एवढे झाले तरी पुष्कळशी गुंतागुंत वेळीच टळते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष उपचारांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला अंतिम मानावा.)