पीएचपी आणि पोस्टग्रेस: क्वेरी सुरक्षितही आणि न थांबताही कशी पाठवतात?

वेबसाइटवर तुम्ही नाव टाकून 'शोधा' दाबता, तेव्हा मागे पीएचपीचा प्रोग्राम डेटाबेसला क्वेरी पाठवतो. इथे दोन अडचणी येतात: सुरक्षितता आणि वेळ. डेटाबेस पोस्टग्रेस असेल, तर 'पीजी_सेंड_क्वेरी_पॅरम्स' हे फंक्शन दोन्हींवर उपाय करतं. २००५ मध्ये आलेल्या पीएचपी ५.१ पासून ते उपलब्ध आहे.

धोका नेमका काय?

युजरने लिहिलेलं नाव थेट क्वेरीच्या वाक्यात चिकटवलं, तर डेटाबेस त्यालाही आदेशाचा भाग समजू शकतो. इंग्रजीत 'डिसोझा' लिहिताना मधे येणारं अवतरणचिन्हसुद्धा अशी क्वेरी मोडायला पुरेसं असतं. हीच फट वापरून हल्लेखोर इतरांची माहिती काढू शकतो किंवा पुसूही शकतो. याला म्हणतात एसक्यूएल इंजेक्शन.

पॅरामीटर काय करतात?

क्वेरीत नावाच्या जागी डॉलरचं चिन्ह आणि क्रमांक लिहायचा. खरं नाव वेगळं पाठवायचं. मग त्यात काहीही लिहिलेलं असो, डेटाबेस ते फक्त माहिती म्हणूनच वाचतो. मात्र टेबल किंवा कॉलमचं नाव असं पाठवता येत नाही आणि एका वेळी एकच आदेश देता येतो.

आणि वेळ कसा वाचतो?

साधं 'पीजी_क्वेरी_पॅरम्स' उत्तर येईपर्यंत प्रोग्रामला थांबवून ठेवतं. 'सेंड'वालं फंक्शन क्वेरी देऊन लगेच मोकळं होतं. समजा, दोन क्वेऱ्यांना प्रत्येकी २ सेकंद लागतात. एकामागून एक पाठवल्या तर ४ सेकंद. दोन कनेक्शनवरून एकदम पाठवल्या आणि डेटाबेसवर फार ताण नसला, तर साधारण २ सेकंद.

दोन कनेक्शन का? कारण एका कनेक्शनवर क्वेऱ्या एकामागून एकच चालतात. शिवाय त्याच तपशिलांनी पुन्हा 'पीजी_कनेक्ट' केलं, तर पीएचपी जुनंच कनेक्शन हातात देतं. नवं हवं असेल तर 'पीजीएसक्यूएल_कनेक्ट_फोर्स_न्यू' हा पर्याय द्यावा लागतो.

उत्तर कसं घ्यायचं?

'पीजी_कनेक्शन_बिझी' काम सुरू आहे का, ते सांगतं. निकाल 'पीजी_गेट_रिझल्ट' देतं. निकाल तयार नसताना ते बोलावलं, तर प्रोग्राम तिथेच थांबतो. म्हणून आधी इतर कामं उरकायची, मग 'फॉल्स' येईपर्यंत निकाल घेत राहायचं.

थोडक्यात, क्वेरी एकच असेल आणि मधल्या वेळात करायला दुसरं काही नसेल, तर साधं फंक्शन पुरेसं आहे. पॅरामीटर मात्र दोन्हीकडे हवेतच.