पाळी आहे तोवर हृदय सुरक्षित?

‘हार्ट अटॅक हा पुरुषांचा आजार. बाईला पाळी जाईपर्यंत भीती नाही.’ बेंगळुरूतल्या मराठी घरांतही हे ऐकू येतं, आणि ते अगदीच निराधार नाही. 2004 साली 52 देशांतल्या रुग्णांवरचा ‘इंटरहार्ट’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बायकांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सुमारे 9 वर्षं उशिरा येतो, असं दिसलं. पण मधुमेह असलेल्या बाईने या सवलतीच्या भरवशावर राहू नये. त्याच अभ्यासात मधुमेहामुळे झटक्याची शक्यता पुरुषांत अडीच पटींहून थोडी जास्त, तर बायकांत चार पटींहून अधिक वाढलेली आढळली. शिवाय भारतीय उपखंडात पहिला झटका इतर जगापेक्षा पाचेक वर्षं लवकर येतो.

याच्या उलट टोकाचा गैरसमज मथळ्यांमुळे पसरतो: ‘मधुमेही बायकांना पुरुषांपेक्षा 44 टक्के जास्त धोका’. हा आकडा 2014 सालचा. 64 अभ्यासांतल्या साडेआठ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून तो काढला होता. मधुमेह नसलेल्या बाईच्या तुलनेत मधुमेही बाईचा हृदयविकाराचा धोका 2.82 पट निघाला. पुरुषांत हीच वाढ 2.16 पट होती. म्हणजे तुलना बाईची बाईशी आणि पुरुषाची पुरुषाशी आहे. एकाच वयाच्या मधुमेही नवरा-बायकोत नवऱ्याचा धोका सहसा अजूनही जास्तच असतो, फक्त दोघांतलं अंतर कमी होतं. मथळा वाचून नवऱ्याने निर्धास्त व्हायचं कारण नाही.

असं का होतं, याचं एकच उत्तर नाही. मधुमेह होण्याआधी बायकांचं वजन पुरुषांपेक्षा जास्त वाढलेलं असतं; निदान होईपर्यंत रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल कित्येक वर्षं बिघडत आलेले असतात, हे त्यातलं पटणारं स्पष्टीकरण. दुसरं कारण मला जास्त खटकतं. मधुमेही बायकांना स्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं कमी दिली जातात आणि त्यांचं एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) आटोक्यात येण्याचं प्रमाणही कमी असतं, असं अनेक देशांत दिसलं आहे. हा शरीराचा दोष नव्हे.

‘शुगर कंट्रोलमध्ये आहे, मग हृदयाचं काय?’ एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांची सरासरी शुगर, चांगली असणं हे निम्मंच काम. रक्तदाब, एलडीएल, लघवीतून जाणारं प्रथिन आणि तंबाखू, यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

‘छातीत कळ आली तरच अटॅक’ हाही समज घातक आहे. छातीत दुखणं हे दोघांतही मुख्य लक्षण खरं, पण बायकांत त्याबरोबर धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, विलक्षण थकवा जास्त दिसतो. मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील तर कळ जाणवतही नाही. मग ‘गॅस झालाय’ म्हणून ओव्याचं पाणी, आणि त्यात वेळ जातो. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने देशातल्या 50 शहरांतल्या 20 हजारांहून अधिक हृदयरुग्णांची नोंद झाली. ती 2008 साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे 30 टक्के रुग्णांना मधुमेह होता आणि निम्म्या रुग्णांना दवाखान्यात पोचायला 6 तास किंवा त्याहून जास्त लागले. यात बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकासारख्या ट्रॅफिकपेक्षा घरी वाट पाहण्याचा दोष मोठा असावा, असं मला वाटतं.

‘गरोदरपणातली शुगर बाळंतपणाबरोबर गेली.’ रिपोर्टवरून जाते, धोका उरतो. अशा बायकांत पुढे हृदयविकाराचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसतं, आणि नंतर मधुमेह झाला नाही तरी ते काही अंशी वाढलेलंच राहतं. म्हणून बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत आईची ग्लुकोज पिऊन तपासणी करायची असते आणि पुढे दर 1 ते 3 वर्षांनी शुगर बघायची असते. बाळाची दीड महिन्याची लस कुणी चुकवत नाही. त्याच दिवशी आईने उपाशीपोटी जाऊन ही तपासणी केली तर वेगळी खेप पडत नाही.