घर भंडाऱ्यात, बेस मुंबईत : विमान कर्मचाऱ्यांच्या कामापूर्वीच्या प्रवासाचा विचार

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्यांना 'अप-डाउन' हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नागपूरहून निघून पहिली तासिका गाठण्याची धावपळ आपल्यापैकी अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचे एक वेगळे रूप विचारात घेतले आहे. वैमानिक व केबिन कर्मचारी यांना कंपनी एक कार्यस्थान नेमून देते. व्यवसायात त्यास 'बेस' म्हणतात. घर एका गावी व बेस दूरच्या शहरी असेल, तर तेथवर रस्त्याने जावे की विमानाने, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा असतो.

हा विषय आपल्या परिसराला परका नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बिरसीची धावपट्टी १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यातच होती. पुढे तेथे वैमानिक प्रशिक्षणही सुरू झाले. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि परत फिरत. आज मात्र या भागातील तरुणाने वैमानिक व्हावयाचे ठरविले, तर त्याचा बेस बहुधा महानगरातच असतो.

तास आणि खात्री

भंडाऱ्यात घर व मुंबईत बेस असलेल्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. भंडारा रोड (वरठी) स्थानकावरून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठण्यास सुमारे पंधरा तास लागतात. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाल्यापासून नागपूर ते मुंबईलगतचा ७०१ किलोमीटरचा पल्ला दिवसभरात पार करता येतो. विमानाने जावयाचे तर सोनेगाव विमानतळापर्यंत सुमारे सत्तर किलोमीटर मोटार, तेथील प्रतीक्षा आणि दीड तासाचे उड्डाण, असे एकूण पाच तास पुरतात.

केवळ तास मोजले तर विमान सरस ठरते. परंतु कर्मचाऱ्यांचे सवलतीचे तिकीट बहुधा रिकाम्या आसनावर अवलंबून असते. दिवाळीच्या आठवड्यात असे आसन मिळणे कठीण. विमान चुकले तर ड्यूटी चुकते, आणि ड्यूटी चुकली तर सेवापुस्तकावर डाग येतो. मोटार स्वतःची असते, ती कोणाची वाट पाहत नाही. म्हणूनच, विशेषतः हैदराबादसारखा सुमारे पाचशे किलोमीटरवरील बेस असल्यास, रस्त्याचा मोह होतो. येथे निवड वस्तुतः वेग व खात्री यांच्यातील आहे. आणि खात्रीची किंमत झोपेत मोजावी लागते.

नियमातील मोकळी जागा

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार कंपनीच्या आदेशाने प्रवासी म्हणून केलेला प्रवास, म्हणजे 'पोझिशनिंग', ड्यूटीत गणला जातो. विमानतळापर्यंतच्या वाहतुकीचा काळ मात्र ड्यूटीतही नाही आणि विश्रांतीतही नाही. घरापासून बेसपर्यंतचा स्वेच्छेचा प्रवास तर रोस्टरमध्ये उमटतच नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम जाहीर झाले. १ जुलै २०२५ पासून त्यांची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी होऊन वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली. सुधारणा स्वागतार्ह खरी. तथापि रेल्वेने भंडाऱ्यास येऊन परतणाऱ्याचे यांतील तीस तास डब्यातच जातात. कागदावर तो विश्रांत असतो.

या मोकळ्या जागेचे गांभीर्य अमेरिकेतील एका अपघाताने दाखवून दिले. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिक सिएटलहून रात्रभर प्रवास करून नेवार्क या बेसवर आली होती. कॅप्टनचे घर फ्लोरिडात होते. अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे होते, तरी दोघांच्याही कामगिरीवर थकव्याचा परिणाम झाला असावा, असे तपास मंडळाने नमूद केले. त्यानंतर तेथे विश्रांतीचे नियम कडक झाले. घर ते बेस हा प्रवास मात्र वैमानिकाच्या विवेकावरच राहिला.

हा विवेक कितपत विश्वासार्ह मानावा? डॉसन व रीड यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सतरा तास सलग जागे राहिलेल्या व्यक्तींची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतकी घसरलेली आढळली. आपल्याकडे उड्डाणापूर्वी श्वासचाचणी होते व मद्याचा अंशही चालत नाही. जागरण मोजणारे यंत्र मात्र त्या टेबलावर नाही. शिवाय थकलेल्या माणसाला स्वतःचा थकवा कमीच वाटतो, हे परीक्षेच्या उत्तरपत्रिका रात्री तपासणाऱ्या कोणाही प्राध्यापकास ठाऊक आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते मुंबईसारख्या बेससाठी आदल्या दिवशीचे विमान आणि विमानतळाजवळ सहकाऱ्यांसमवेत भाड्याने घेतलेली खोली, हा खर्चिक परंतु सुरक्षित मार्ग होय. कामावर जाताना निदान शिस्तीची भीती असते. परतीच्या वाटेवर तीही नसते. रात्रीची ड्यूटी संपवून पहाटेच्या विमानाने नागपुरात उतरलेला कर्मचारी विमानतळावर उभी ठेवलेली मोटार घेतो. घर आता केवळ सत्तर किलोमीटरवर असते, आणि कोणत्याही नियमपुस्तकाच्या दृष्टीने त्याचे काम केव्हाच संपलेले असते.