समुद्राचा बांध कोण राखतो?

आपल्या चाकण-पिंपरीकडे समुद्र नाही. इथे इंद्रायणी आहे, पवना आहे, भामा आहे. समुद्र पाहायचा तर घाट उतरून कोकणात जावे लागते. मग समुद्राच्या राखणीशी आपला काय संबंध? असे कोणी विचारील.

त्याने चाकणच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहावे. मोठमोठ्या लोखंडी पेट्या लादलेल्या गाड्या एकामागून एक जाताना दिसतील. त्यांतल्या पुष्कळ गाड्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराची वाट धरतात. इथल्या कारखान्यांतला माल तिथे जहाजावर चढतो. परदेशचा माल तिथे उतरून इकडे येतो. आणखी एक गोष्ट. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, भर समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत. त्या जागेला ‘मुंबई हाय’ म्हणतात. १९७४ साली तिथे तेल सापडले. १९७६ पासून ते निघू लागले. म्हणजे बघा, समुद्र आपल्या दारात नसला तरी आपली भाकर त्याच्याशी बांधलेली आहे.

शेताला बांध असतो. बांध कोणी कोरला तर लगेच दिसते. पण पाण्यावर बांध कसा घालणार? पाण्यावर रेघसुद्धा ओढता येत नाही. तरीही समुद्राला हद्द आहे. ती कायद्याने ठरलेली आहे. किनाऱ्यापासून सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचे पाणी जमिनीसारखेच आपल्या देशाचे. त्यापुढे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यातली मासळी आणि तळाचे तेल यांवर आपला हक्क. ३७० किलोमीटर म्हणजे किती? पुण्याहून लातूर गाठले तरी एवढे अंतर होत नाही! आपल्या देशाने १९७६ साली तसा कायदा केला.

हद्द ठरली. पण ती राखायची कोणी?

“आपले आरमार आहे की!” कोणी म्हणेल. खरे आहे. आपले नौदल होते आणि आहे. पण नौदलाचे मुख्य काम लढाईचे. गावावर दरोडा आला तर तालमीतले पैलवान धावून जातात. म्हणून काय त्यांनी रोज रात्री गावभर फिरून कड्या-कुलपे तपासायची? त्या कामाला जागल्या वेगळा लागतो. तो रोज फिरतो. नवा माणूस दिसला की हटकतो, “कोण रे तू? कुठला? एवढ्या रात्री इकडे कसा?”

समुद्रावर असा जागल्या नव्हता. त्या काळी किनाऱ्यावर रात्री-अपरात्री चोरटा माल उतरत असे. सोने येई, घड्याळे येत, परदेशी कापड येई. सरकारचा कर बुडे. चोरांच्या होड्या वेगाच्या आणि त्यांना अडवणारे थोडे. तेव्हा १९७४ साली सरकारने एक समिती नेमली. तिचे प्रमुख होते रुस्तमजी. हे मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे. जमिनीवरची सरहद्द राखणारे सीमा सुरक्षा दल त्यांनीच उभे केले होते. समुद्राच्या राखणीसाठीही वेगळे दल हवे, असे या समितीने सांगितले.

दल हवे, पण जहाजे कुठून आणायची? नवे जहाज बांधायला वर्षे लागतात. तेव्हा नौदलाने आपल्याजवळची दोन जहाजे देऊ केली. एकाचे नाव ‘कृपाण’, दुसऱ्याचे ‘कुठार’. कृपाण म्हणजे तलवार आणि कुठार म्हणजे कुऱ्हाड. दोन्ही जहाजे विलायतेत बांधलेली. १९५९ साली ती नौदलात आली होती.

यांतल्या ‘कृपाण’ने मोठा प्रसंग पाहिला होता. १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात ९ डिसेंबरच्या रात्री ती दीवजवळच्या समुद्रात होती. बरोबर तिच्याच जातीची ‘खुकरी’ होती. पाण्याखालून शत्रूच्या पाणबुडीने घाव घातला. ‘खुकरी’ बुडाली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक कामी आले. ‘कृपाण’ वाचली.

अशी लढाई पाहिलेली नौका पुढे राखणीच्या कामाला लागली. यात कमीपणा काही नाही. शर्यतीचा बैल वयाने उतरला म्हणजे शहाणा शेतकरी त्याला दावणीला नुसता बांधून ठेवत नाही. घाटात तो पहिला येणार नाही, पण शेताचे काम करील. जहाजाचेही तसेच आहे. नव्या युद्धनौकांपुढे ते मागे पडते, पण गस्त घालायला चांगले चालते.

१ फेब्रुवारी १९७७ रोजी हे दल तात्पुरते सुरू झाले. ही दोन जहाजे आणि पाच लहान गस्ती बोटी एवढाच संसार होता. त्या बोटींतल्या एकीचे नाव ‘पनवेल’ आणि दुसरीचे ‘पणजी’. पुढे १९७८ च्या ऑगस्टात संसदेच्या कायद्याने दल कायमचे झाले. त्याचे नाव भारतीय तटरक्षक दल. तट म्हणजे किनारा. मग मुंबईच्या माझगाव गोदीत दलासाठी खास जहाज बांधले गेले. ते ‘विक्रम’. १९८३ साली ते दाखल झाले. आज दलाची जहाजे दीडशेच्या घरात आहेत.

ही जहाजे ओळखायची कशी? नौदलाची जहाजे राखाडी असतात. तटरक्षकांची पांढरी असतात आणि अंगावर तिरपा पट्टा असतो.

या दलाच्या एका जहाजाचे नाव होते ‘ताराबाई’. हो, आपली महाराणी ताराबाईच! १९९९ च्या नोव्हेंबरात चाच्यांनी पळवलेले ‘अलोंड्रा रेनबो’ नावाचे मालवाहू जहाज आपल्या पश्चिम समुद्रातून जात होते. ‘ताराबाई’ने त्याला गाठले. थांब म्हटले तर ते थांबेना. मग नौदलाची ‘प्रहार’ मदतीला आली. दोघींनी मिळून चाचे पकडले आणि जहाज मुंबईला आणले. जागल्याने हाक दिली, पैलवान धावला. काम फत्ते झाले.

पण नेहमीच असे झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी इथे स्फोटके उतरली. मार्चच्या १२ तारखेला मुंबईत स्फोट झाले. २५७ माणसे गेली. २००८ साली २६ नोव्हेंबरला अतिरेकी समुद्रातूनच मुंबईत आले. त्यांनी ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट वाटेत बळकावली होती. १६६ निरपराध माणसे प्राणास मुकली. जागल्याचा डोळा एकदा चुकला की केवढा घात होतो पाहा! त्यानंतर पहारा कडक झाला. किनाऱ्याजवळच्या राखणीत नौदल, तटरक्षक आणि सागरी पोलीस यांनी कामे वाटून घेतली. कोळी बांधवांना ओळखपत्रे दिली गेली.

समुद्रावर रोज जातो तो कोळी. कुठली होडी ओळखीची आणि कुठली परकी, हे त्याला आधी कळते. गावाने डोळे मिटले तर एकटा जागल्या काय करणार?

वादळात होडी सापडली तर माणसे वाचवायलाही हेच दल धावते. तुमचे सोयरेधायरे कोकणात असतील, होडीवर जात असतील, तर त्यांना एक आकडा सांगून ठेवा. तो आकडा १५५४. समुद्रात संकट आले तर या आकड्यावर तटरक्षक दलाला फोन करता येतो. पैसे पडत नाहीत. वहीत लिहून ठेवा. लिहायला आता आपल्याला येतेच!