यंत्रविचार : जुन्या पद्मिनीला स्वस्त एअर फिल्टर

खानदेशात उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा आणि हंगामात जिनिंगमधले कापसाचे तंतू हवेत भरलेले असताना, जुन्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन भरधाव वेगात मिनिटाला दीडेक हजार लिटर हवा ओढत असल्याने, मूळ फिल्टरचा डबा गंजला म्हणून बाजारातला स्वस्त फिल्टर बसवणाऱ्याने बंदोबस्त चोख ठेवणे जरूर आहे.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाताना हवेचा दाब उतरतो, आणि त्या न्यूनतेमुळेच पेट्रोल वर ओढले जाते. फिल्टर कोंदला की ती न्यूनता वाढून पेट्रोल प्रमाणाबाहेर येते, धूर निघतो, प्लग काळे पडतात. (नव्या गाड्यांत पेट्रोलच्या प्रमाणाची ही दुरुस्ती संगणक करतो, येथे सारी भिस्त मिस्त्रीच्या पेचकसावर.)

तथापि खरा धोका सांध्यांत आहे : घागरीवरचे गाळणे सैल बांधले तर गाळ जसा कडेने आत शिरतो, तद्वत फिल्टर कार्ब्युरेटरला आवळणारा क्लॅम्प ढिला राहिल्यास धूळ थेट सिलिंडरात जाऊन रिंगा झिजवते. सबब क्लॅम्प नेमक्या मापाचा घ्यावा, इंजिनाच्या वाफेची नळी उघडी सोडू नये, बॉनेट फिल्टरला टेकत नाही याची खातरजमा करावी, आणि महिन्याने फिल्टरच्या आतल्या बाजूस पांढरी चिंधी फिरवावी; ती मळली, तर आधी सांधा तपासावा.